आधी टेबलाचा विचार, मग राऊटरचा

प्रश्न : गेली दोन वर्षं हौस म्हणून सुतारकाम करतो. गोल करवत, ड्रिल, रंधा, पटाशा एवढं जवळ आहे. आता कपाटाची दिलहेदार (चौकटीत फळा बसवलेली) दारं, खण आणि फोटोच्या चौकटी करायच्या आहेत, त्यासाठी राऊटर (बिट म्हणजे धारेचं पातं वेगाने फिरवून लाकडात खोबण किंवा नक्षी कापणारं यंत्र) आणि राऊटर टेबल घ्यायचं ठरवलंय. एक जण म्हणतो छोटा ट्रिम राऊटर पुरे, दुसरा म्हणतो घ्यायचा तर सव्वातीन हॉर्सपॉवरचाच घे. टेबल तयार घेऊ की स्वतः बनवू? टेबलाखालचा राऊटर वर-खाली करणारी लिफ्ट लागतेच का? सगळं एकदम घेणं जमणार नाही, तेव्हा क्रमही सांगा. आणि खरं सांगतो, थोडी भीती वाटते. हे यंत्र हातातलं लाकूड हिसकावून घेतं असं ऐकलंय.
— एक हौशी सुतार

उत्तर : तुम्ही दिलेल्या कामांच्या यादीतच निम्मं उत्तर आहे. दाराच्या चौकटीची जोडणी, मधल्या फळ्याची उतरती कड, खणांच्या खोबणी, फोटोच्या चौकटीची नक्षी ही सगळी टेबलावरची कामं. पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर राऊटर टेकवायला जागाच नसते, तो डुलतो आणि कड बिघडते. तिथे राऊटर एका जागी ठेवून लाकूड फिरवायचं असतं. म्हणून जो राऊटर टेबलाखाली उलटा टांगल्यावरही सहज हाताळता येतो, तोच तुमचा राऊटर.

आमची निवड अशी : १४०० ते १७०० वॅटचा मध्यम आकाराचा राऊटर, वेग कमी-जास्त करता येणारा, १२ मि.मी. किंवा अर्धा इंची कॉलेट (बिट धरणारी पकड) असलेला, आणि एकाच मोटरला फिक्स्ड (उंची पक्की राहणारा) व प्लंज (दाबून बिट खाली नेता येणारा) असे दोन्ही बेस मिळणारा. टेबल घरी बनवा, फक्त राऊटर बसवायची प्लेट विकत घ्या. लिफ्ट आत्ता नको. ट्रिम राऊटर नंतर जरूर घ्या, पण दुसरा म्हणून.

ट्रिम राऊटर हे गुणी हत्यार आहे. उदाहरणार्थ मकिटाचा आरटी०७०० : ७१० वॅट, मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे, एका हातात मावतो. कडेला हलकी गोलाई मारणं, लॅमिनेट छाटणं, बिजागरीची खाच काढणं यासाठी त्याला तोड नाही. पण त्याचं कॉलेट ६ किंवा ८ मि.मी.चं. दाराच्या चौकटीची बिटं बहुतेक जाड शँकची (कॉलेटमध्ये जाणाऱ्या दांड्याची) येतात आणि त्यांचा व्यास ४० मि.मी.च्या आसपास असतो. ती त्यात बसणार नाहीत, आणि बसली असती तरी त्या मोटरचा तो घास नाही.

सव्वातीन हॉर्सपॉवरचा आग्रह धरणाऱ्याचंही चूक नाही. आडवं पॅनल बिट ७० ते ९० मि.मी. व्यासाचं असतं, त्याला खरोखरच २००० वॅटच्या वरची मोटर हवी. पण फळ्याची कड उतरवण्याचा तो एकच मार्ग नाही. उभं पॅनल बिट साधारण ३८ मि.मी. व्यासाचं येतं. फळा आडवा न ठेवता उंच फेन्सला (टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला) टेकवून उभा चालवायचा, तीन-चार फेऱ्यांत तीच उतरती कड मिळते आणि मध्यम राऊटर ते काम आरामात करतो. मात्र दाराचा वरचा भाग कमानदार हवा असेल तर उभं बिट चालत नाही. तुमची दारं सरळ काटकोनी असतील असं धरून हे लिहितो आहोत. कमानीच हव्या असतील तर मोठाच राऊटर घ्या. मग ट्रायटनचा २४०० वॅटचा टीआरए००१ बघा. टेबलाच्या वरून हँडल फिरवून त्याची उंची बदलता येते, आणि पूर्ण वर आणला की स्पिंडल (मोटरचा फिरणारा दांडा) आपोआप अडकतं, म्हणजे बिटही वरूनच एका पान्याने बदलता येतं.

एक सूचना. खोक्यावरच्या हॉर्सपॉवरला भुलू नका, तो बहुतेक वेळा क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा असतो. ७४६ वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर. मागच्या पट्टीवरचे वॅट वाचा आणि त्यांचीच तुलना करा.

शँक आणि कॉलेट हा विषय थोडा सविस्तर घेऊ, कारण लाकूड हिसकावलं जाण्यामागे, कापाची खोली आपोआप वाढण्यामागे आणि बिट मोडण्यामागे बऱ्याचदा हाच सांधा असतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ६ मि.मी.ऐवजी १२ मि.मी. घेतला तर जाडी दुप्पट, पण ताठपणा सोळापट. जाड शँकचं बिट कमी थरथरतं, काप गुळगुळीत येतो आणि धारही जास्त टिकते. म्हणून एकच बिट दोन्ही शँकमध्ये मिळत असेल तर जाडच घ्या.

इथे एक फसगत होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. बारा मिलिमीटरचा शँक अर्धा इंची कॉलेटमध्ये सरकतो, नटही आवळला गेल्यासारखा वाटतो, पण पकड धरते फक्त तोंडाशी. काम सुरू झालं की बिट मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर सरकतं आणि खोबण एका टोकाला ६ तर दुसऱ्या टोकाला ९ मि.मी. खोल होते. राऊटरसोबत कोणतं कॉलेट येतं ते विचारा आणि सगळी जाड बिटं त्याच मापाची घ्या, मेट्रिक तर मेट्रिक, इंची तर इंची. बारीक शँकसाठी कॉलेटमध्ये बाही (मधली नळी) घालण्यापेक्षा त्या मापाचं वेगळं कॉलेट बरं. बाहीत अचूकपणा थोडा तरी घटतोच.

बिट बसवायची रीत : कॉलेट आणि स्पिंडलची भोकं फुंकून साफ करा, शँक तळाला टेकेपर्यंत आत घाला, मग २ ते ३ मि.मी. वर ओढा आणि नट आवळा. वर का ओढायचं? कॉलेट निमुळतं असतं. नट फिरवताना ते शँकसकट खाली ओढलं जातं. शँक आधीच तळाला टेकलेला असेल तर त्याला खाली जायला वाव उरत नाही आणि पकड अर्धवट राहते. शँक आणि धारेचा भाग जिथे मिळतात तिथली गोलसर जागा कॉलेटच्या तोंडात येऊ देऊ नका, तिथेही पकड फसवी असते. बिट नसताना नट आवळायचा नाही, नुसतं कॉलेट चेपलं जातं. काम झाल्यावर शँक डोळ्यांजवळ धरून बघा. त्यावर तपकिरी-काळपट कडी उमटली असेल तर बिट आतल्या आत घसरत होतं. कॉलेट पितळी ब्रशने घासा, तरी कडी उमटत राहिली तर कॉलेट बदला. ती झिजणारी वस्तू आहे, आयुष्यभराची नव्हे.

आता वेग. नवशिक्याला वाटतं, जास्त फेरे म्हणजे चांगला काप. खरं गणित बिटच्या कडेच्या वेगाचं आहे. १२ मि.मी.चं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची कड ताशी साधारण ५० किलोमीटरने जाते. ८५ मि.मी.चं बिट त्याच फेऱ्यांवर ठेवलं तर कड ताशी ३५० च्या पुढे जाते, आणि अशा वेळी धारेचा तुकडा निसटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. २५ मि.मी.पर्यंतच्या बिटला २०,००० ते २४,०००, त्यापुढे ५० मि.मी.पर्यंत १६,००० ते १८,०००, ६५ पर्यंत १२,००० ते १४,००० आणि त्याहून मोठ्याला १०,००० च्या आसपास. बिटच्या पाकिटावर किंवा शँकवर कमाल आकडा असतो, तो अखेरचा शब्द. तुमच्या चौकटीच्या बिटांना १६,००० वर ठेवा. वेग बदलता येत नाही असा राऊटर कितीही स्वस्त मिळाला तरी टेबलासाठी घेऊ नका.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा या गोष्टी हाताने तपासा. मोटर बेसमधून बाहेर काढा आणि परत घाला : काही मॉडेलांत ती एका खटक्यावर निघते, काहींत पान्याशिवाय हलत नाही. फिक्स्ड बेस कायम टेबलाखाली राहू द्यायचा आणि मोटर तेवढी काढून प्लंज बेसमध्ये घालायची, हा या जोडीचा मुख्य फायदा. तो सहज जमत नसेल तर जोडी घेण्यात अर्थ नाही. बेसला वरून उंची बदलायचं भोक आहे का, म्हणजे टेबलावरूनच चावी घालून बिट वर-खाली करता येईल का, हे बघा. असलं तर लिफ्टचं निम्मं काम फुकट झालं. स्विच सोडलं तरी चालू राहणारं हवं. बोट दाबून धरलं तरच चालणारं यंत्र टेबलाखाली निरुपयोगी. कॉलेट निरखा : फक्त दोन चिरा असलेलं साधं, जास्त चिरांचं चांगलं. नट सोडवताना तो एकदा सुटून पुन्हा कडक लागतो आणि मग कॉलेट बाहेर ढकलतो, अशी रचना असेल तर बिट अडकून बसत नाही. स्पिंडल धरून आडवं हलवा, कणभरही खळखळ जाणवली तर दुसरा नग मागा. हळू सुरू होणारी मोटर हवी. एकदम झटका देणारी मोटर टेबलाखाली प्लेटला दर वेळी धक्का देते. शेवटचं : कार्बन ब्रश आणि कॉलेट सुटे मिळतात याची खात्री करा.

नुसता प्लंज राऊटर टेबलाखाली चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, पण उलटा टांगल्यावर त्याची स्प्रिंग तुमच्या विरुद्ध काम करते. बिट वर आणायचं म्हणजे मोटरचं वजन आणि स्प्रिंग दोन्ही रेटायचं. स्प्रिंग काढता येत असेल तर ठीक, नाहीतर बारीक मापाला हात थरथरतो. फिक्स्ड बेस म्हणूनच टेबलासाठी उजवा.

लिफ्टचं उत्तर इथेच देतो. लिफ्ट ही सोय आहे, अचूकपणाची अट नव्हे. तिचा खर्च बहुधा दुसऱ्या राऊटरएवढा होतो. वर्षभर टेबल वापरा, दिवसातून दहा वेळा उंची बदलावी लागते असं दिसलं तर घ्या. तेव्हा मोटरच्या अंगाचा व्यास मोजायला विसरू नका, लिफ्टची पकड ठरावीक व्यासांसाठीच असते.

टेबलाकडे वळू. तयार टेबलांमध्ये बिडाचं जाड टेबल उत्तम, पण महाग आणि जड. पत्र्याची किंवा पातळ ॲल्युमिनियमची छोटी टेबलं टाळा. त्यांचा माथा लहान असतो आणि राऊटरच्या चार-पाच किलो वजनाने मध्ये दबतो. माथा दबला की काय होतं? चौकटीची पट्टी बिटवरून जाताना टोकांना टेबलावर टेकते, मध्ये अधांतरी राहते. कापाची उंची पट्टीच्या लांबीभर बदलत जाते, आणि जोडणी लावताना दोन पृष्ठभागांत नखाला लागेल एवढी पायरी दिसते. मग माणूस बिटला दोष देतो.

घरी बनवायचं तर १८ मि.मी.चे दोन एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते) एकावर एक चिकटवून ३६ मि.मी.चा माथा करा, माप ६०० × ८०० मि.मी. लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलंत तर दमट हवेत उघडी बाजू फुगते आणि माथा वाकतो. कडाही रंगाने किंवा पट्टीने बंद करा. उंची जमिनीपासून ८५० ते ९५० मि.मी., उभं राहून खांदे न उचलता लाकूड दाबता येईल अशी. खालच्या चौकटीच्या दोन आडव्या पट्ट्या प्लेटच्या भोकाच्या अगदी लगत येऊ द्या आणि त्यांची उभी बाजू वर ठेवा, वजन त्याच पेलतात.

प्लेट ६ ते १० मि.मी. जाडीची, ॲल्युमिनियमची किंवा फिनॉलिक प्लॅस्टिकची घ्या. २३५ × २९८ मि.मी. हे सर्रास मिळणारं माप, म्हणजे उद्या प्लेट बदलली तरी भोक तेच राहतं. बिटभोवतीच्या भोकासाठी वेगवेगळ्या व्यासांच्या कड्या सोबत हव्यातच. भोक बिटपेक्षा थोडंच मोठं असलं तर लहान तुकड्याचं टोक आत घसरत नाही.

प्लेटची खाच हे या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल. प्लेट माथ्यावर ठेवा, तिच्या चारही बाजूंना सरळ पट्ट्या अगदी भिडवून दुहेरी चिकटपट्टीने पक्क्या करा, मग प्लेट उचला. पट्ट्यांची ही चौकटच तुमचा साचा. शँकच्या बाजूला बेअरिंग असलेलं पॅटर्न बिट घ्या, त्याची त्रिज्या प्लेटच्या कोपऱ्याच्या गोलाईएवढी असू द्या, नाहीतर कोपरे अडतात. प्लंज बेसवर २-३ मि.मी.च्या फेऱ्यांनी खाच प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा ते एक मि.मी. जास्त खोल न्या. कडेला १२ मि.मी.ची पायरी सोडून मधला भाग जिगसॉ करवतीने कापा. पायरीत कोपऱ्यांजवळ चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन असे सहा स्क्रू बसवा. ते वर-खाली करून प्लेट माथ्याशी सपाट आणायची.

ती सपाट आली की नाही हे डोळ्याला कळत नाही. राऊटर टांगून मगच तपासा, कारण वजनाने फरक पडतो. पोलादी सरळपट्टी माथा आणि प्लेट दोन्हींवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवा. साधा लिहायचा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. पट्टीखालून एक कागद अडकत जात असेल तर उत्तम, दोन चालतील, तीन सहज सरकले तर स्क्रू पुन्हा लावा. खोलगटापेक्षा किंचित उंचवटा परवडतो, कारण उंचवट्यावर लाकूड निदान बिटपाशी तरी दाबून धरता येतं.

राऊटर प्लेटला लावताना त्याचा मूळ प्लॅस्टिकचा तळ काढा, तोच भोकांचा साचा म्हणून वापरा. स्क्रू मात्र नवे लागतील : जुन्या लांबीतून प्लॅस्टिकची जाडी वजा करा, प्लेटची मिळवा आणि डोक्यासाठी खोलगट जागा करा. स्क्रूचं डोकं वर राहिलं तर प्रत्येक पट्टी तिथे अडखळेल.

फेन्सबद्दल एक गैरसमज दूर करतो. करवतीची फेन्स पात्याला समांतर लागते, राऊटरची नाही. बिट गोल आहे, त्याला दिशा नसते, फक्त बिटपासून फेन्सचं अंतर मोजायचं. म्हणून महागड्या रुळांची गरज नाही. १८ मि.मी. प्लायचे दोन पट्टे, प्रत्येकी १०० मि.मी. रुंद, काटकोनात जोडा, मागे चार त्रिकोणी आधार द्या, टोकांना क्लॅम्प लावा. झाली फेन्स. एक टोक आवळून दुसरं टोक २ मि.मी. सरकवलं की मध्यावर, बिटपाशी, १ मि.मी. फरक पडतो. बारीक मापासाठी याहून सोपी युक्ती नाही. फेन्स टेबलाशी गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात हवी, एवढं मात्र काटेकोर बघा. समोरच्या बाजूला दोन सरकते फळे लावा, म्हणजे बिटच्या दोन्हीकडे २-३ मि.मी. जागा सोडून ते जवळ आणता येतील. खालची कड २ मि.मी. तिरकी काढा, तिथे साचणारा भुसा नाहीतर लाकडाला फेन्सपासून दूर ठेवतो. उभं पॅनल बिट वापरणार आहात, तेव्हा दाराच्या फळ्यामागे किमान २०० मि.मी. उंचीची जास्तीची पाटी लावायची सोय आत्ताच करून ठेवा. माथ्यात मायटर खाच (सरकत्या कोनमापकासाठीची) काढायची घाई नको. पट्टीचं टोक कापायचं असेल तेव्हा एक काटकोनी चौकोनी फळी फेन्सला लावून तिनेच पट्टी ढकलली की काम होतं, आणि मागची कडही फुटत नाही.

टेबलाच्या पुढच्या बाजूला हाताला लागेल असं वेगळं नो-व्होल्ट स्विच बसवा. वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, आणि बंद करायला टेबलाखाली हात घालावा लागता कामा नये. भुसा ओढायची नळी फेन्सच्या मागे लावा. मोटर उलटी असल्यामुळे वरचा भुसा थेट तिच्या हवेच्या भोकांत जातो, तेव्हा कामानंतर ती रोज व्हॅक्यूमने झाडा. एमडीएफ कापताना मास्क अनिवार्य. कान आणि डोळे झाकणं तर प्रत्येक वेळी.

आता तुमची भीती. ती योग्य आहे आणि तिचं कारण नेमकं सांगता येतं. टेबलावरून बघितलं तर बिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तुमच्या बाजूची धार डावीकडून उजवीकडे येते. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकललं की तुम्ही धारेच्या विरुद्ध जाता, ती तुम्हाला विरोध करते आणि लाकूड फेन्सकडे ओढून धरते. उलट दिशेने दिलंत तर धार लाकूड चाकासारखं पुढे फेकते आणि मागचा हात बिटकडे ओढला जातो. याचंच दुसरं रूप म्हणजे बिट आणि फेन्स यांच्या मधून लाकूड घालणं. ते कधीच करू नका. लाकूड नेहमी बिटच्या तुमच्याकडच्या बाजूने जावं.

एक छुपा सापळा सांगून ठेवतो. १२ मि.मी.च्या बिटने खोबण काढली आणि ती १५ मि.मी. रुंद करायची आहे. फेन्स कुणीकडे सरकवाल? मागे, बिटपासून दूर. मग नवा काप खोबणीच्या तुमच्याकडच्या भिंतीवर पडतो आणि दिशा बरोबर राहते. फेन्स पुढे आणलीत तर फेन्सकडच्या भिंतीवर कापणारी धार लाकडाच्याच दिशेने धावते आणि पट्टी सुसाट सुटते. अनुभवी हातांकडूनही इथे चूक होते. हातात धरून काम करताना राऊटर सुलटा असतो, तेव्हा फिरणंही उलटतं. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट फिरा, चौकटीच्या आतल्या कडेने घड्याळाप्रमाणे.

याखेरीज : ३०० मि.मी.पेक्षा लहान तुकडा नुसत्या हाताने चालवू नका. मोठ्या फळीच्या टोकाला नक्षी काढा आणि मग तो तुकडा कापून घ्या. पट्टी फेदरबोर्डने (लवचीक दात्यांच्या फळीने) दाबा, शेवटचा भाग ठोकळ्याने ढकला. ६ मि.मी.च्या बिटने एका फेरीत ३ मि.मी.पेक्षा खोल जाऊ नका. मोठ्या नक्षीत शेवटची फेरी अर्धा ते एक मि.मी.चीच ठेवा, त्या पातळ फेरीनेच चकाकी येते. फळ्याच्या चारही बाजू करताना आधी लाकडाच्या रेषा जिथे तुटतात ती टोकं घ्या, मग लांब बाजू, म्हणजे टोकाला उडालेली ढलपी पुढच्या फेरीत निघून जाते. लाकडावर जळके डाग पडले तर बहुतेक वेळा तुम्ही मध्येच थांबलात किंवा फार हळू ढकललंत. तसं नसेल तर धारेवर राळ चिकटली आहे, ती विरघळवून काढा. बिट बदलताना प्लग काढलेला हवा, नुसतं बंद केलेलं स्विच पुरत नाही.

बिटांचे साठ-साठ नगांचे संच घेऊ नका. त्यातली दहाही वापरली जात नाहीत आणि कार्बाइडचा थर पातळ असतो, पुन्हा धार लावायला काही उरत नाही. सुरुवातीला १२ मि.मी.चं सरळ बिट, प्लेटच्या कोपऱ्यांना जुळणारं पॅटर्न बिट, बदलत्या बेअरिंगांचं पायरी काढायचं बिट, ६ मि.मी. त्रिज्येचं गोलाईचं आणि ४५ अंशांचं, एवढी पाच. खणांच्या तळासाठी ६ मि.मी.चं सरळ सहावं घ्या. चौकटीच्या बिटांची जोडी आणि उभं पॅनल बिट टेबल पूर्ण झाल्यावर.

क्रम म्हणाल तर राऊटर, पॅटर्न आणि सरळ बिट, मग प्लेट आणि स्विच. टेबल झाल्यावर उरलेली बिटं, आणि ट्रिम राऊटर सगळ्यात शेवटी. तोवर हातातली कामं प्लंज बेसवर निभतील.

दारांना हात घालण्याआधी त्याच जाडीच्या, त्याच रंध्याखालून निघालेल्या फालतू पट्ट्यांवर चौकटीच्या बिटांची जोडी जुळवा. एका बिटाने आडव्या पट्टीची टोकं आधी कापा, मग दुसरं बिट लावून त्याची उंची त्या टोकाशी जुळवा. उंची ठरवताना शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने असू द्या. खाली आणून थांबलात तर आट्यातली मोकळीक मोटरच्या वजनाने नंतर बसते आणि माप सरकतं. लॉक आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, आवळतानाही केसभर हलतं. दोन पट्ट्यांचे दर्शनी भाग बोट फिरवल्यावर एकसंध लागले की तो नमुन्याचा तुकडा टाकून देऊ नका. त्यावर बिटचं नाव आणि लाकडाची जाडी लिहून फेन्सजवळ टांगा. पुढच्या दाराच्या वेळी बिट त्या तुकड्याच्या कापात टेकवलं की उंची मिनिटभरात जुळते.